धुळाप्पांचं तळं आणि जावयाचं हिवाळी शिबिर

घाटाखालच्या चिंचोलीत धुळाप्पांकडून कुणी साधी सुतळी मागून नेल्याचं गावाला आठवत नाही. माणूस वाईट नाही. ट्रॅक्टर मागायला आलेल्याला ते आधी ओट्यावर बसवतात, चहा पाजतात, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, पावसाचं बोलतात, आणि तो माणूस समाधानानं उठतो. पार रस्त्याला लागल्यावर त्याच्या ध्यानात येतं, की ट्रॅक्टरचं बोलणं काही झालंच नाही. तोवर आप्पा हातपाय धुऊन जेवायला बसलेले असतात.

अशा या आप्पांची जीभ एकाच माणसापुढं लुळी पडायची, आणि तो म्हणजे त्यांचा जावई. जावयाला नाही म्हणायचं नाही, त्याच्यापुढं आवाज चढवायचा नाही, अमुक कर तमुक कर असं त्याला सांगायचं नाही, हे आप्पांच्या वडिलांनी जन्मभर पाळलं आणि आप्पांनीही लेकीच्या लग्नापासून दहा वर्षं पाळलं होतं. जावई गोरोबा धाराशिवच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक. मनानं सरळ, पण तोंडानं सैल. एकदा ओसरीवरच्या घड्याळाकडं बघून छान आहे म्हणाला, तर निघताना घड्याळ त्याच्या पिशवीत. एकदा दही लई घट्ट लागलं म्हणाला, तर पुढच्या आठवड्यात म्हैस टेम्पोत चढून धाराशिवला गेली. भाड्याच्या दोन खोल्यांत म्हैस बांधायची कुठं म्हणून गोरोबानं ती परत पाठवली, तेव्हा आपलं काय चुकलं या काळजीनं आप्पांना दोन घास गोड लागले नाहीत. तेव्हापासून जावई येणार असला की आप्पांच्या बायकोनं, विठाबाईंनी, घरातल्या बऱ्या वस्तूंवर चादर टाकायची वहिवाट सुरू केली.

पण चादर टाकता येणार नाही अशी एक वस्तू आप्पांकडं होती. मळ्यातलं शेततळं. लांबट चौकोनी खड्डा, चारी बाजूंना उतरते काठ, आणि आत तळापासून बांधापर्यंत अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद. आपल्याकडं पाणी जमिनीच्या भरवशावर सोडलं तर जमीनच ते पिऊन टाकते. हा कागद होता म्हणून पावसाळ्यात साठवलेलं पाणी मे महिन्यापर्यंत आप्पांच्या द्राक्षबागेला पुरायचं. कागदाला नखाएवढं भोक पडलं तर बाग उन्हाळ्यात उभी वाळणार, हे लहान पोरालाही कळत होतं. आप्पा त्या कागदाला तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. भोवती कुंपण, फाटकाला कुलूप, काठावर जायचं तर चपला काढून. शेजारच्या मळ्यातले खेकडे कागद कुरतडतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून शेजारच्या भागवतशी त्यांचं बोलणंही जरा कमीच झालं होतं, जणू खेकडे भागवतनंच पाळलेत.

आणि दिवाळीत गोरोबा नेमका त्या बांधावर उभा राहून म्हणाला, "मामा, किती सरळ आहे हो हे तळं."

विठाबाईंनी कपाळाला हात लावला.

गोरोबाच्या बोलण्यामागं एक दुःख होतं. त्याच्या कॉलेजचा पोहण्याचा संघ चांगला होता, पण सगळी पोरं गावोगावच्या विहिरींत, पाठीला डबा बांधून शिकलेली. विहीर गोल. विहिरीत माणूस गोलच पोहतो, सरळ जायला तिथं जागाच कुठं असते. त्यामुळं आदल्या वर्षीच्या स्पर्धेत शिट्टी वाजल्यावर त्याचे सगळे गडी जोरात सुटले आणि हळूहळू वळत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पट्ट्यांत घुसले. हर्षाली नावाची कळंबकडची मुलगी तर सगळ्यांत वेगानं गेली, मधल्या दोऱ्यांखालून झकास वळसा घेतला, आणि जिथून निघाली होती त्याच भिंतीला हात लावून जिंकल्यासारखी वर आली. पंचांनी चष्मा पुसला. पुढची स्पर्धा जानेवारीत होती, आणि वर धाराशिवला थंडी अशी की तरण तलाव बंद. म्हणून गोरोबानं कॉलेजकडून 'उष्ण हवामानाच्या ठिकाणी हिवाळी सराव शिबिर' मंजूर करून घेतलं होतं. ठिकाण तेवढं अजून सुचत नव्हतं.

आप्पांनी कागदाकडं बघितलं, बागेकडं बघितलं, जावयाकडं बघितलं, आणि जे तोंडातून यायला नको होतं तेच आलं.

"तळं तुमचंच हाय, जावईबापू."

डिसेंबरात पोरं आली. उष्ण हवामान म्हटल्यावर त्यांनी गोवा धरला होता. तौफिकनं तर काळा चष्मा आणि गवती टोपी विकत घेतली होती. एसटीनं तुळजापूर सोडलं, घाट उतरला, आणि चिंचोली फाट्यावर वाहकानं घंटी मारली. गोरोबानं खाली उतरून स्वेटर काढला आणि आलं उष्ण हवामान, असं जाहीर केलं. घाट उतरला की थंडी वरच राहते असं खालच्या लोकांचं ठाम मत आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. तौफिक टोपी घालून उसाच्या गाडीमागं उभा होता. पण दुपारी पोरांनी तळ्यात पाय घातला आणि गोवा विसरली. दिवसभर उन्हात तापलेल्या काळ्या कागदानं वरचं पाणी चांगलं कोमट करून ठेवलं होतं.

पाण्यात उतरण्याआधी मात्र सगळ्यांना आप्पांच्या हाताखालून जावं लागलं. त्यांनी गावातला न्हावी बोलावून ठेवला होता. पोरांना रांगेत बसवून प्रत्येकाची हातापायांची नखं कापून घेतली, आणि कापल्यावर आप्पांनी स्वतः अंगठा फिरवून धार बघितली. हर्षालीचे पैंजण, तौफिकचं कडं, कुणाच्या अंगठ्या, सगळं डब्यात बंद. मग नियम सांगितले. उडी मारायची नाही, सूर मारायचा नाही, गुडघे पोटाशी घेऊन मुटका तर मनातही आणायचा नाही. कडुनिंबाला बांधलेला दोर धरून काठावरनं बसत बसत, नव्या नवरीसारखं उतरायचं आणि तसंच दोर धरून वर यायचं. विहिरीच्या कठड्यावरून धप्पकन उडी मारल्याशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही अशी ती पोरं, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरी भीती दिसली म्हणून कुणी हसलं नाही. जावयापुढं मात्र आप्पा हे सगळं इतक्या लाडीगोडीनं बोलत होते, की गोरोबाला तो पाहुणचाराचाच भाग वाटला.

शिबिर सुरू झालं. तळाच्या कागदाला पट्ट्या जोडल्याच्या सरळ रेघा होत्या. गोरोबानं पोरांना सांगितलं, पाण्यात तोंड घातलं की त्या रेघेवर नजर ठेवा, रेघ सुटली की तुम्ही वळलात. तो स्वतः बांधावर शिट्टी घेऊन येरझाऱ्या घालायचा. सर, तुम्हीही या की पाण्यात, असं पोरं रोज म्हणायची, आणि चुका वरूनच दिसतात असं तो रोज सांगायचा. आप्पा दुसऱ्या बांधावर उकिडवे बसून कागदावर नजर ठेवायचे. पहिले दोन दिवस त्यांना फक्त कागद दिसत होता. तिसऱ्या दिवशी त्यांना हर्षाली दिसायला लागली. पोरगी निम्म्यापर्यंत सुतात जायची आणि मग काय व्हायचं कोण जाणे, उजवीकडं कलायची. आप्पांचं अंग आपोआप डावीकडं कलायला लागलं. पुढं ते तिच्याबरोबर बांधावरून चालायला लागले, तोंडानं हळू आवाजात डावी घे, डावी घे म्हणत, औताच्या बैलाला म्हणावं तसं. रात्री जेवताना विठाबाईंनी विचारलं, आज कागद कसा होता, तर आप्पा म्हणाले, हर्षी आज दोनदा सरळ गेली. विठाबाईंनी भाकरी थापता थापता नवऱ्याकडं नीट बघून घेतलं.

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी येळवस आली. वेळ अमावस्या म्हणजे आपल्या भागात घराला कुलूप लावून शेतात जायचा दिवस. ज्वारीत कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपट, बांधायची, पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड आत मांडायचे, पूजा करायची, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ज्वारीच्या पिठाची, ताकातली मडकंभर आंबील. त्या दिवशी वाटेवरचा माणूस न जेवता गेला तर शेतमालकाची अब्रू जाते. त्यामुळं पाच घरची बोलावणी घेऊन माणसं या शेतातून त्या शेतात जेवतच फिरत असतात. पोहायला अर्थातच सुट्टी. सकाळी कोपी बांधताना दोर कमी पडला, तेव्हा आप्पांनी कडुनिंबाचा दोर सोडून आणला आणि कोपीला आवळून टाकला. आज कुणाला पाण्यात उतरायचंय, असा त्यांचा साधा हिशेब.

यंदा आप्पांकडं गर्दी जरा जास्त होती. तळ्यात कॉलेजच्या पोरी पोहतात ही बातमी घाट चढून तुळजापूरपर्यंत गेली होती. आप्पांनाही जरा चढलं. त्यांनी कधी नव्हे ते फाटकाचं कुलूप काढलं आणि पाहुण्यांना बांधावर नेऊन तळं दाखवलं, पोरांचं कौतुक केलं, हर्षी कशी सुतात जाते ते हातानं करून दाखवलं. मग पंगत बसली. पोरांना गाव आग्रह करकरून वाढत होतं. तौफिकनं आंबिलीचे किती तांबे रिचवले याची मोजदाद सोडून दिली, आणि तो टोपी तोंडावर घेऊन ज्वारीच्या सावलीत आडवा झाला.

गोरोबाला फोटोची हुक्की आली. कोपी, पंगत, ज्वारी, सासरेबुवा, सगळं एकात मावावं म्हणून तो मोबाइल समोर धरून एकेक पाऊल मागं सरकत होता. उघड्या फाटकातून तो बांधावर गेला. अजून आप्पांची टोपी मावत नव्हती. तो अजून एक पाऊल मागं गेला.

कागदावर पाय पडला की माणूस पडत नाही, आधी बसतो. गोरोबा बसला आणि मोबाइल डोक्यावर धरून, अगदी शिस्तीत, घसरत घसरत पाण्यात गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या दिवसांनी सर उतरले. सर बुडाले, वर आले, तोंड उघडलं आणि आवाज न काढता पुन्हा खाली गेले. पोरांना ती गंमतच वाटली. आप्पांना मात्र ते तोंड ओळखू आलं. विहिरीत पहिल्यांदा टाकलेल्या पोराचं तोंड तसंच असतं.

"हर्षे, त्येंला पोहता येत न्हाय. बुडायलेत त्ये."

हर्षालीच्या हातातली खिरीची वाटी ज्वारीत गेली. ती उठली, कागदावरून घसरली आणि भरल्या पोटानं अशी सरळ सुटली, की पंचांनी बघायला हवं होतं. मागून टाळ्यांनी जागा झालेला तौफिक. दोघांनी सरांना दोन्ही काखांत धरून काठाला आणलं, आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली. ओला कागद म्हणजे शेवाळलेला दगड. तिघं हातभर वर चढायचे आणि दोन हात खाली यायचे. तौफिकचा दम आंबिलीनं खाल्ला होता. सरांनी भीतीनं हर्षालीच्या गळ्याला मिठी मारली आणि तीही खाली जायला लागली. दोर, दोर, असं कुणीतरी म्हणालं. दोर कोपीला होता, आप्पांच्या हातच्या गाठींनी आवळलेला, आणि त्या गाठी सोडणं आप्पांच्या बापालाही जमलं नसतं.

कुंपणाला बागेतली लोखंडी शिडी टेकवून ठेवली होती. जमिनीत रुतावी म्हणून तिच्या पायांना टोकं केलेली. आप्पांनी ती उचलली आणि काठावरून खाली ढकलून दिली. वरपासून तळापर्यंत चर्रर्र आवाज झाला. आख्ख्या पंगतीनं तो ऐकला आणि आप्पांच्या तोंडाकडं बघायची कुणाची हिंमत झाली नाही. आप्पा बांधावर पालथे पडून शिडीचं वरचं टोक दोन्ही हातांनी धरून होते. शिडीवरून आधी जावई वर आला, मग पोरगी, मग तौफिक.

गोरोबानं बांधावर पाणी ओकलं, भज्जी ओकली, आणि श्वास घेतला. विठाबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात शेजारचा भागवत म्हणाला, आप्पा, धोतर सोडून टाकायचं होतं की. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. त्या शेतात तीसेक माणूस तरी धोतर नेसून आणि फेटा बांधून उभा होता. लांबच लांब मजबूत कापड प्रत्येकाच्या कमरेला आणि डोक्याला गुंडाळलेलं, आणि एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आधी एक म्हातारी हसली, मग सगळं रान हसायला लागलं. आप्पा फाटलेल्या कागदाकडं बघत म्हणाले, "सुचलं न्हाय."

हसू ओसरल्यावर पाणी दिसलं. शिडीच्या दोन्ही पायांनी कागद उभा चिरला होता आणि त्या चिरांतून तळं जमिनीत चाललं होतं. शिडी ओढून काढावी तर कागद अजून फाटणार. मग भागवतच घरी पळाला आणि रिकामी पोती घेऊन आला. त्याचं बघून बाकीचेही आणायला गेले. ज्यांना आप्पांकडून कधी सुतळी मिळाली नव्हती त्यांच्या घरची पोती काळ्या मातीनं भरून बांधावर आली, आणि पोरं ती घेऊन बुड्या मारायला लागली. हर्षाली खाली जाऊन पोतं चिरेवर बसवायची, वर येऊन दम घ्यायची, पुन्हा जायची. अंधार पडेपर्यंत ती पोरं थांबली नाहीत. पाण्याचा वेग कमी झाला, पण निम्मं तळं तोवर गेलं होतं.

संध्याकाळी गोरोबानं घोंगडीत बसून सगळं सांगितलं. तो कबड्डीचा गडी. लहानपणापासून पाण्याला भ्यायचा. कॉलेजानं सगळेच खेळ गळ्यात घातले, आणि पोहता येत नाही हे सांगायची लाज वाटली, ती अशीच वर्षानुवर्षं वाटत राहिली. मामा, तुमची बाग, एवढंच म्हणून त्यानं घोंगडी तोंडावर ओढली. आप्पा उठून बागेत गेले. उरलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात निम्म्याच वेली जगणार होत्या, आणि कुठल्या निम्म्या, हे त्यांनाच ठरवायचं होतं. ओळींतून फिरताना त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी अडवलं नाही. पण एका गोष्टीचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं. शिडी उचलताना कागद त्यांच्या मनात आलाच नव्हता. एवढी वर्षं झोपेतही डोक्यात असणारा कागद, आणि नेमका तेव्हा कुठं गेला होता, कुणास ठाऊक.

सकाळी पोरांनी पिशव्या भरल्या. न्हाव्याच्या देखरेखीखाली डबा उघडून पैंजण, कडं, अंगठ्या ज्याच्या त्याला मिळाल्या. पाणी रात्रीतून थांबलं होतं. गोरोबा बांधापासून चांगला लांब उभा होता, नजर खाली घालून, निरोप कसा घ्यावा या विचारात. तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी धोतराचा काचा मारला, टोपी काढून कुंपणावर ठेवली, आणि रुतलेल्या शिडीवरून एकेक पायरी उतरत पाण्यात गेले. तळाशी उभे राहिले तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागत होतं.

त्यांनी जावयाला हाक मारली, जावईबापू, खाली या. गोरोबा पांढरा पडला. नको मामा, माझे कपडे, एसटीची वेळ, असं काहीबाही पुटपुटायला लागला. विठाबाई चहाचा कप घेऊन येत होत्या, त्या जागीच थांबल्या. दहा वर्षांत नवऱ्याचा जो आवाज त्यांनी जावयापुढं ऐकला नव्हता तो तळ्यातून आला.

"गोरोबा, उतर. तुझ्या मापाचं पाणी केलंय म्या."

दहा वर्षं त्या घरात त्याला पाटावर बसवलं होतं, ताटात तूप ओतलं होतं, घड्याळ दिलं होतं, म्हैस दिली होती, पण असं कुणी दरडावलं नव्हतं. गोरोबाचे डोळे भरून आले. त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तिचा काही उपयोग नव्हता तरी, आणि शिडीवर पाय ठेवला. खाली आल्यावर आप्पांनी एक हात त्याच्या पोटाखाली घातला, दुसऱ्यानं हनुवटी वर धरली, आणि सांगितलं, पाय हलव.